नियमापुरती सीट

आमचे घरमालक भर दुपारी दात घासायचे. दिवस मावळताना झोपायचे, आमची जेवणं होऊन मी भांडी घासाया बसले की उठायचे, आन आक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, आवाज द्यायचे, "झाली माझी पाळी सुरू." मंग शेडमधला बल्ब लागायचा. तीन-चार तास जागायचं, तीन-चार तास झोपायचं, परत जागायचं, असं रात्रंदिवस, सणाला पण तसंच आन तापानं फणफणले तरी तसंच. देवळाली कॅम्पाच्या अलीकडं त्यांचं घर होतं, मागं परसात भाड्याच्या दोन खोल्या. आम्ही त्यातल्या एकीत राहाया गेलो तवा माझी सोनी अंगावर पीत होती. पहिल्याच सकाळी मी नळावर गेले तर हा माणूस शेडच्या दारात उभा राहून भाकरी खातोय, एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात पाना, आन माझ्याकडं बघतोय पण मी दिसतच नाय त्यांला. मी घागर तशीच टाकून घरात आले. ह्यांला म्हणले, माणूस येडा हाय, आपण दुसरी खोली बघू. हे म्हणले, गप बस, लय मोठा उस्ताद हाय तो, त्याच्यासाठीच तर ही खोली घेतली.

हे अंबडला एका कारखान्यात लेथवर होते. मला आधी सांगितलं होतं की खोली स्वस्त हाय म्हणून घेतली.

पाळीचं कारण मला आक्कानं सांगितलं, गहू निवडता निवडता. मालक तरुणपणी एका राजेसाहेबांच्या पदरी होते, मोटारी बघाया. त्यांच्याबरोबर बोटीनं परदेशात गेले, तिथं म्हणे एक शर्यत असते, दिवसभर आन रातभर मोटार पळवायची, थांबायचं ते पेट्रोल भराया नायतर माणूस बदलाया. एकानं चालवायची, तवर दुसऱ्यानं झोपून घ्यायचं, मिस्त्री लोकांनी पण पाळीपाळीनं झोपायचं. "ती शर्यत दुसऱ्या दिवशी संपली," आक्का म्हणली, "ह्यांची अजून चालू आहे." हे सांगताना ती हसली नाय. लग्न होऊन आली तवापासून तिच्या चुलीला दोन वेळा असं कवा माहीतच नव्हतं.

आता ती मोटार. मोटारीसारखी ती दिसायचीच नाय. माझ्या कंबरेएवढी उंच, पुढून चपटी, इंजिन मागं, रंग पिकल्या डाळिंबाचा. आत बसायचं नसायचं, निजायचंच जवळजवळ. तसली परदेशातल्या एका कारखान्यानं एकच केली होती म्हणे, विकाया नाय, पळवून बघाया. नमुन्याची. त्याच शर्यतीत पळालेली ती, तिचं शर्यतीचं वय सरल्यावर राजेसाहेबांनी विकत आणली, मंग राजेसाहेबांचेच दिवस गेले, सामानसुमान कुठल्या कुठं गेलं. मालकांला ती लय वर्षांनी सापडली, एका कोळशाच्या वखारीत, आत कोंबड्या बसत होत्या. मालक सगळ्यांला सांगायचे, "पहिल्या दिवशी तिच्यातून काय काढलं असेल मी? अंडी." तेवढ्या एकाच गोष्टीवर ते हसायचे.

तिचा पत्रा सडला होता, कुरतडल्यासारखा झाला होता. तसला हलका पत्रा कुठं मिळायचा, मंग ते जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमची, भांडी गोळा करायचे. चेपलेली पातेली, बूड गेलेले टोप, डबे, झाकणं. जुने कपडे, मोडकी भांडी घेऊन नवी भांडी देणारी बाई गल्लीत आली की तिच्या पाटीवर आम्हा बायांच्या आधी हा माणूस. वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्यानं ते पातेलं असं हळूहळू ठोकायचे, जसं काय त्याला दुखंल. माझं एक दूध लागलेलं पातेलं होतं, काळं पडलेलं, ते मी दिलं. काही दिवसांनी मला शेडशी बोलावलं आन डाव्या दारावर बोट ठेवून म्हणले, "सूनबाई, हे तुझं दूध." मला लाज वाटली पण बरं पण वाटलं. त्यांला मूलबाळ नव्हतं. मला पहिल्यापासून सूनबाई म्हणायचे, ह्यांला पोरा म्हणायचे.

त्या मोटारीत दोन सीटा होत्या. उजवीकडं मालकांची, आन डावीकडं एक, तिच्यापेक्षा बारकी. तिच्यावर कुणी बसायचं नाय. मी एकदा विचारलं, मंग ठेवली कशाला, तर म्हणले, "नियम आहे. दोन माणसांची जागा पाहिजे असं लिहिलेलं आहे. जागा पाहिजे, माणूस पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही." नियमापुरती सीट, असं म्हणायचे. पण तिला पण त्यांनी कातडं शिवलं होतं, आपल्या सीटला शिवलं तसंच, टाक्याला टाका.

एकदा काय झालं, मी वाळत घातलेलं काढाया गेले आन इकडं सोनी रांगत शेडमध्ये. मी हाका मारतेय, विहिरीत डोकावले, रस्त्यावर पळाले, आन आक्का म्हणते इकडं ये. बघते तर सोनी त्या डाव्या सीटवर गाढ झोपलेली आन मालक बाजूला उकिडवे बसलेत, एक हात आत घालून तिच्या पोटावर ठेवलेला. मी उचलाया गेले तर मला खुणेनंच थांबवलं. म्हणले, "झोपलेल्या गड्याला उठवायचं नसतं. त्याची पाळी आहे." ती उठंपर्यंत ते तिथून हलले नाय. त्यांची स्वतःची झोपायची पाळी आली आन गेली. आक्का म्हणली, आयुष्यात पहिल्यांदा चुकवली.

त्या दिवसापासून मी त्यांला येडा म्हणायचं सोडलं. भ्यायचं मात्र सुटलं नाय.

मला मोटारीचं भ्याच हाय. माझं माहेर वणी रस्त्याला, दिंडोरीच्या पुढं. मी बारकी असताना आम्ही लग्नाला निघालो होतो, सुरगाण्याकडं, जीपनं. मी आईच्या मांडीवर, थोरला भाऊ मागं लटकून, त्याला तसंच आवडायचं, वारा लागतो म्हणायचा. घाटात एक वळण आलं. वळणाच्या आधी तो होता आन वळणाच्या नंतर तिथं नुसता दांडा होता. कुणी ओरडलं पण नाय, कारण कुणाला कळलंच नाय. तवापासून कुठलीबी गाडी वळली की मी बरोबरची माणसं मोजते. आन माझ्या नशिबाला हा नवरा, अंबडवरून आला की हातपाय धुवायचा आन शेडमध्ये. मोटारीला जे मिळत नव्हतं ते हे लेथवर करून आणायचे, खिशात घालून, सोन्यासारखं फडक्यात गुंडाळून. मालक ते बोटावर फिरवून बघायचे, वास घ्यायचे, आन काही न बोलता परत द्यायचे. मंग हे रातभर तळमळायचे. एखाद्या दिवशी मालक वस्तू परत न देता आपल्या खिशात टाकायचे. त्या दिवशी हे माझ्याशी पण गोड बोलायचे.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तवा आमच्या फडताळातली भांडी थरथरली. माझ्या पायातून गेलं ते. सोनी रडंल म्हणून मी तिला छातीशी धरली तर ती टाळ्या वाजवतेय. मालक कान लावून उभे होते, डोळे मिटून. "जोरात कुणीपण पळतं," ते म्हणायचे, "संपेपर्यंत पळून दाखवायचं."

मंग मुंबईवरून एक साहेब आले. जुन्या मोटारींचं वेड असलेले, चांगले होते, आक्काच्या हातचा चहा दोनदा घेतला. त्यांनी सांगितलं, परदेशात आता जुन्या शर्यतीच्या गाड्या परत पळवायला लागलेत, जुन्या जुन्यांबरोबर, त्याच वयाच्या. ही त्यात जाऊ शकते, अशी दुसरी नाय, लोक बघाया येतील. आपण सगळी व्यवस्था करू. पण आधी ती मोकळ्या रस्त्यावर पूर्ण जोरात पळालेली मला बघायचीय, उभी असलेली बघून मी काय सांगू लोकांला.

साहेब गेले आन मालकांनी त्या दिवशी दाढी केली. आम्ही ओळखलंच नाय. आक्का त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

रस्ता वणीचा ठरला. मला बोलावून मालकांनी विचारलं, तुझ्या माहेरच्या बाजूला सकाळच्या वक्ताला गाड्या कवा निघतात, ट्रॅक्टर कवा, शाळेची पोरं कवा. मी भोळी, सगळं सांगितलं. म्हणलं माझा धाकटा भाऊ फाट्यावर बैलगाडी आडवी लावंल, कुणाला येऊ देणार नाय. मला माझ्या माहेरचं नाव निघालं म्हणून बरंच वाटत होतं. आन घरी येते तर हे आरशासमोर भांग पाडतेत. म्हणले, "उस्तादनं मला सांगितलंय, डाव्या सीटवर मी बसायचं."

मी परात खाली ठेवली. म्हणले, ती तर नियमापुरती हाय.

"शर्यतीत. ही शर्यत नाय, चाचणी हाय. वजन लागतं त्या बाजूला. आन तेलाचा काटा बघाया माणूस लागतो. माझ्याशिवाय कोण हाय त्यांला?"

मी रडले, जेवले नाय, भावाचं नाव काढलं. हे म्हणले, जीपला लटकणं आन हे एक हाय का? तुला काय कळतं? ही मोटार मी केलीय, निम्मी मी केलीय, आन ती पळंल तवा मी काय रस्त्याच्या कडंला हात हलवत उभा राहू? आन खरं सांगते, त्यांचा चेहरा असा झाला होता, नवरदेवासारखा, की मला त्यांला नाय म्हणायचं पण जीवावर आलं. पण सोनी तिथं खाली बसून चमचा वाजवत होती. तिच्याकडं बघितलं आन उठले.

मालक मोटारीखाली होते, पाय तेवढे बाहेर. मी शेडच्या दारातच उभी राहिले.

"मालक, ह्यांला नेऊ नका."

पाय हलले नाय. "त्याला विचारलंस?"

"ते नाय म्हणणार नायत. तुम्ही नाय म्हणा."

"वजन लागतं, सूनबाई. एकटा बसलो की ती माझ्या बाजूला बसते. वळणाला ओढते."

"वजनच लागतं ना? मंग वजन न्या. बाजरी न्या ह्यांच्या वजनाची. आमच्याकडं नवस फेडाया पोराची तुला करतेत, पोराच्या भाराचा गूळ देतेत देवाला. गुळात काय पोरगं असतं का? तरी देव घेतोच की."

आता पाय हलले. ते पाठीवर सरकत बाहेर आले, तोंडावर तेल उडालेलं. "आणि काटा? पोतं काटा बघणार का?"

"त्या चोवीस तासाच्या शर्यतीत कोण बघत होतं? तुम्हीच सांगितलं, तिथं कुणी बसत नाय."

आता तोंड उघडलंच होतं. म्हणले, "तुमच्या सीटला पट्टा हाय. छातीवरून, कंबरेवरून, मी बघितलाय. त्या सीटला नाय."

मालकांनी फडकं घेतलं आन हात पुसाया लागले. बोट न बोट. पुसून झाले तरी पुसत होते. मंग त्या बारक्या सीटकडं बघून म्हणले, "खरं आहे. सीट केली, पट्टा केला नाही. नियमात नव्हता." मंग म्हणले, "जा, कर त्याची तुला. काटा मी बघेन."

ह्यांला त्यांनीच सांगितलं. काय सांगितलं मला माहीत नाय, पण हे बाहेर आले ते माझ्याकडं न बघता नळावर गेले आन तोंडावर पाणी मारत राहिले.

तुला लाकडाच्या वखारीत झाली, तिथं मोठा तराजू होता, दोन पारडी साखळीला टांगलेली. एका पारड्यात हे उकिडवे बसले, गुडघ्यावर हनुवटी, दुसऱ्यात माझ्या भावानं आणलेली बाजरी. वखारवाला म्हणला, "काय राव, मी इथं सरणाची लाकडं तोलतो. जित्या माणसाची पहिलीच खेप." आजूबाजूचे हमाल हसले. एक जण म्हणला, आणखी दोन मापं टाका, सासुरवाडीचं खाऊन आलाय. हे हसले नाय. पारडं वर उचललं तवा त्यांनी साखळी धरली आन पहिल्यांदा माझ्याकडं बघून हळूच म्हणले, "बाजरी केलंस मला."

मी ऐकलं. मला चालत होतं. मला ते बाजरी झालेले चालत होते.

आक्कानं पोत्याला हळदकुंकू लावलं, तुलेचं धान्य म्हणून. म्हणली, हे आता परत घरात घ्यायचं नाही, चाचणी झाली की कुणाला तरी वाटून टाकायचं. पोतं सीटवर बसवलं. ह्यांनी त्याला हात लावला नाय, पाठ करून उभे राहिले. मंग मालकांनी स्वतः ते बांधलं, आक्काच्या जुन्या लुगड्याचे पट्टे काढून, छातीवरून आन कंबरेवरून, स्वतःला बांधतात तसं. दुरून बघितलं तर माणूसच वाटत होता, ठेंगणा, बिनमानेचा.

पाऊस तोंडावर आला होता, ढग होते पण पडत नव्हता. मी सोनीला घेऊन माहेरच्या फाट्यावर उभी, साहेब मुंबईचे, आक्का, दोन्ही टोकांला बैलगाड्या आडव्या. वेलीवर काय नव्हतं, द्राक्षाचे बाग नुसता पाला घेऊन उभे. मालकांनी पहिल्यांदा हळू नेली आन हळू आणली. दुसऱ्यांदा ती आली तवा मी डोळे मिटले, रस्ताच फाटला असं वाटलं, आन डोळे उघडले तर ती लांब ठिपका. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती. मालक परत येऊन थांबले. डोक्यावरच्या टोपाची काच वर केली. मी त्यांला तसं कवाच बघितलं नव्हतं, डोळ्यातून पाणी येत होतं आन हसत होते. डाव्या हातानं त्यांनी पोत्याच्या खांद्यावर थापटी मारली आन म्हणले, "काय पोरा, ठीक आहे ना?"

सगळे हसले. हे पण हसले. किती दिवसांनी हसले, आन माझ्याकडं बघून मान हलवली, की जाऊ दे आता. मी तिथंच, सगळ्यांच्या समोर, रडाया लागले. मला वाटलं झालं सगळं. मला वाटलं, निभावलं.

मालक म्हणले, आता शेवटचं, पूर्ण जोरात.

ती गेली. आवाज लांब लांब गेला, वळणाकडं. आन मंग तो आवाज थांबला नाय, मोडला. कसा सांगू, काडी मोडते तसा. पाखरं उठली सगळी. हे माझ्यासमोरून पळत गेले, एक चप्पल तिथंच राहिली.

वळणाच्या पुढं बाभळ होती. मोटार डाव्या अंगानं बाभळीत गेली होती. डावं दार, माझ्या पातेल्याचं, आत बाभळीच्या खोडापाशी, खोडानं ते मिठीत घेतल्यासारखं. ती बारकी सीट दिसतच नव्हती, ती होती तिथं आता झाडच होतं. पोतं फाटून बाजरी रस्त्यावर, कडंच्या चारीत, मालकांच्या टोपावर, सगळीकडं. मालक त्यांच्या पट्ट्यात लटकलेले, जित्ते. मी पोचले तवा हे मालकांच्या बाजूला नव्हते. डाव्या बाजूला उभे होते. जिथं ते बसणार होते त्या जागेकडं बघत. एक चप्पल पायात, एक नाय. मी हाक मारली, त्यांला ऐकू गेलं नाय. मंग माझ्या भावानं ढकललं तवा ते भानावर आले आन सगळ्यांनी मिळून मालकांला बाहेर काढलं.

छातीला मार होता, पाय मोडला होता. दवाखान्यातून घरी आणलं. सगळ्यांला वाटलं सुधारतील, जेवत होते, कुबडी घेऊन नळापर्यंत येत होते. पण एका सकाळी आक्का माझ्या दारात येऊन बसली आन पदर तोंडाला लावून रडाया लागली. मी घाबरले. काय झालं, काय झालं, तर म्हणते, "अगं, रात्रभर झोपले. चार दिवस झाले, रात्री झोपतात ते सकाळीच उठतात. सगळ्या माणसांसारखे." आन मला पण कळलं, हे चांगलं नाय. शेडचा बल्ब लागंना झाला. मोटारीवर ताडपत्री टाकून ठेवली होती, तिकडं ते बघायचे पण नाय.

माझ्या मनात एकच होतं, ते मला रात्री झोपू देत नव्हतं. काटा. मी म्हणले होते पोतं न्या, आन पोतं काटा बघत नाय. हे असते तर काटा बघितला असता, उस्तादांला सांगितलं असतं. मंग मोटार मोडली नसती का? का हे असते तर झाडात हेच असते? मी दोन्ही बाजूंनी इचार करायचे आन उठून बसायचे. शेवटी एक दिवस दुपारी आक्का बाजारात गेली होती, मी त्यांला पेज घेऊन गेले, आन विचारलं.

"मालक, काट्यामुळं झालं का? काटा बघाया गेलात का तुम्ही?"

त्यांनी पेजेची वाटी दोन्ही हातात धरली. 

"काटा ठीक होता," ते म्हणले. "वळणावर पोतं कलंडलं. पट्टा सुटला असेल. मला वाटलं पोरगा पडतोय." त्यांनी डावा हात वाटीवरून काढला आन असा बाजूला केला, हवेत, कुणाला तरी छातीशी धरावं तसा. तो हात तसाच राहिला. "धरायला गेलो."

मंग हात खाली घेतला.

"बाजरी होती," म्हणले.

मी वाटी घेऊन बाहेर आले. ओट्यावर बसले. सोनी येऊन मांडीवर चढली, मी तिला इतकी आवळली की ती ओरडली. मला आठवत होतं, ती त्या सीटवर झोपली होती तवाचा तो हात, तिच्या पोटावर.

हे मी ह्यांला लगेच सांगितलं नाय. गणपती उठले आन मालक गेले, झोपेतच, रात्रीच्या. सगळं झाल्यावर सांगितलं. हे उठून शेडमध्ये गेले, अंधारातच बसले. मी भाकरी झाकून ठेवली.

मुंबईचे साहेब ट्रक घेऊन आले. आक्काला म्हणले, वाया जाऊ देणार नाही, परत करू, तिकडं असली माणसं आहेत, अशीच्या अशी करतील, नियमाप्रमाणं. दुसरी सीट पण करतील का, आक्कानं विचारलं. साहेब म्हणले, हो, ती लागतेच. हमालांनी मोटार उचलली तवा तिच्या सांदीतून बाजरी गळत होती, शेडपासून ट्रकपर्यंत बारीक रेघ. आक्का झाडू घेऊन आली आन झाडू हातात धरून तशीच उभी राहिली. चिमण्यांनी आधी सुरुवात केली होती.

नवरात्रात आम्ही माहेरी निघालो, एसटीनं. हे खिडकीशी, मधी सोनी, मी कडंला. दिंडोरी गेलं. मला ते वळण यायच्या आधीच कळतं, आता पण कळलं. बाभळीला एका बाजूनं साल नव्हती. आन तिच्या बुडाशी, चारीत, रस्त्याच्या कडंनं, बाजरी उगवली होती. कुणी पेरली नाय, कुणी खुरपली नाय, दाटीवाटीनं, वाकडीतिकडी, पण कणसं भरलेली. भाऊ नंतर म्हणला, गावातल्या बायांनी तिला इळा लावला नाय, तुलेची हाय म्हणून. पाखरं खातेत, गुरं आली तर हाकलत नायत.

एका माणसाच्या भाराची बाजरी. तो माणूस खिडकीला डोकं टेकून झोपला होता, तोंड उघडं, अंबडची रात्रपाळी करून आलेला.

एसटी वळली. हे झोपेत कलंडले. मी सोनीवरून हात टाकून त्यांचा शर्ट मुठीत धरला, छातीपाशी. त्यांनी डोळे उघडले, काय झालं विचारलं. मी म्हणले काय नाय, झोपा तुम्ही, तुमची पाळी हाय.

ते परत झोपले. फाटा येईपर्यंत मी मूठ सोडली नाय.